घराजवळची वटवाघळं: बघायला नवीन आहेस तर एवढंच कर

अरे भाऊ, आधी घाबरणं सोड. केसात अडकतात, रक्त पितात वगैरे सगळ्या ऐकीव गोष्टी, रक्तावर जगणारी जात आपल्या भारतात नाहीच.

सूर्य बुडाला की अर्धा तास गच्चीवर बस, लाइट बंद कर. झपझप वळणं घेणारी छोटी दिसली तर ती किडे खाणारी, आवाजाच्या प्रतिध्वनीवर शिकार धरतात आणि तो आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. संथ पंख मारत सरळ जाणारी मोठी असतात ती फळं खाणारी, त्यांचे पसरलेले पंख मीटरभराच्या वर भरतात. सुरुवातीला एवढा फरक कळला तरी बास, त्यांचा आवाज ऐकवणाऱ्या डिटेक्टर-बिटेक्टरचं नंतर पाहू.

घरासमोर उंच अशोक आहे ना? फळं पिकली की सकाळी गाडीवर बिया आणि चावून थुंकलेला चोथा सापडतो, रस पिऊन बाकी टाकून देतात पठ्ठे. बायको ओरडेल पण झाडण्याआधी नीट बघून घे.

नवीन लोकं हमखास करतात त्या चुका:
- टॉर्च मारणं.
- दिवसा टाळ्या वाजवून उडवणं. मे महिन्यात तर अजिबात नाही, ४५ डिग्रीत बिचारी पंखांनीच वारा घेऊन राहिली असतात, कुणाच्या छातीला पिल्लू असतं.
- खाली पडलेलं वटवाघूळ हाताने उचलणं. त्यावर खोकं झाक, नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (जखमी वन्यप्राण्यांवर उपचार करणारं केंद्र) कळव. चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने १५ मिनिटं धू, लगेच दवाखान्यात जा, रेबीजची लस लागते.

आणि त्यांनी कुरतडलेला पेरू खायचा नाही, कितीही गोड दिसला तरी.