औषध घेऊनही अंगावरून पांढरं जाणं आणि खाज परत का सुरू होते?

तुम्ही लिहिलंय, "वय २९, रोज स्वच्छता ठेवते, औषधानं थांबतं आणि थोड्या दिवसांत परत सुरू. माझं कुठं चुकतंय?" तुमचंच चुकतंय हे कुणी ठरवलं?

आम्ही कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. माझं असं सुरू झालं तेव्हा घरात चहा संपायच्या आत निदान झालं, उष्णता! सासूबाईंनी माझा तांबडा रस्सा बंद केला. रविवारी सगळे रस्सा ओरपायचे आणि माझ्या ताटात दहीभात. वर नणंदबाईंचं, "वहिनी, जरा स्वच्छता ठेवा." शेवटी डॉक्टरीणबाईंनी स्राव काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला. ट्रायकोमोनास निघाला. हा परजीवी शरीरसंबंधातून येतो. बाईला हिरवट-पिवळं, फेसाळ जातं, पुरुषाला बहुतेक वेळा काही जाणवतच नाही. म्हणून मेट्रोनिडाझोल दोघांना लिहून दिलं. ह्यांनी चिठ्ठीची घडी घालून खिशात ठेवली. "मला काय झालंय?" खरं दुखणं वेगळंच, गोळ्या चालू असताना दारू बंद सांगितली होती. मी कोर्स पुरा केला आणि ह्यांच्याकडूनच परत लावून घेतलं. पुढच्या खेपेला बाईंनी ह्यांनाच समोर बसवून झापलं. ह्यांनी गोळ्या घेतल्या, माझं थांबलं. रस्सा तर मी त्याआधीच सुरू केला होता.

तुमचं दुसरंही असू शकतं. दह्यासारखं घट्ट आणि जीव नकोसा करणारी खाज असेल तर बहुधा कॅन्डिडा, म्हणजे बुरशी. अँटिबायोटिकनंतर, गरोदरपणात, शुगर वाढली की ती फोफावते. सारखं होतंय म्हणजे शुगर तपासाच. पातळ, करडं आणि मासळीसारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस. योनीतले लॅक्टोबॅसिलस जंतू तिथला पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३.८ ते ४.५ ठेवतात, ते कमी झाले की बाकीचे माजतात. आतून साबण, जंतुनाशक लावून धुणाऱ्या बायका हे ओढवून घेतात. तिन्हींना एकच औषध चालत नाही, त्यामुळं मेडिकलवाल्याकडून मागच्याच ट्यूबा आणणं बंद करा.

हां, ट्रायकोमोनास निघाला म्हणून लगेच नवऱ्यावर संशय घेऊ नका, तो परजीवी अंगात महिनोन्‌महिने गुपचूप राहतो. पाळीच्या मध्यावर थोडं पांढरं जाणं आजार नव्हे. गरोदर असाल तर मनानं काही घेऊ नका.

पण दोघांना गोळ्या दिल्या, तर त्यानं तुमच्यासमोर गिळायच्या. नंतर आठवडाभर अंथरुणं वेगळी. कुरकुरला तर पुढच्या वेळी डॉक्टरकडं त्यालाच पुढं घाला.