आधी तापमान

प्रिय,

तुझे आलेख पाहिले. सूक्ष्मलहरींखाली (मायक्रोवेव्हखाली) ठेवलेलं यीस्ट जास्त वाढलं, बाहेरचं कमी. मार्गदर्शक म्हणतात छापून टाक, शेजारचे म्हणतात ही निव्वळ उष्णता, आणि तू मला विचारलंस की लहरींचे उष्णतेपलीकडचे परिणाम मानायचे की नाहीत. मानायचे काय त्यात? हा काय पंथ आहे? द्रवाचं तापमान किती होतं, ते सांग. टिपणात इन्क्युबेटरच्या, म्हणजे नमुने ठरावीक तापमानाला ठेवणाऱ्या कपाटाच्या, पडद्यावरचा आकडा आहे. तो हवेचा. यीस्ट द्रवात आहे.

शोषण दर, म्हणजे द्रव लहरींतून किती ऊर्जा घेतो तो, किलोमागे 2 वॅट लिहिला आहेस. द्रव जवळजवळ पाणीच. उष्णता बाहेर गेलीच नाही असं धरलं तर दहा मिनिटांत पाव अंशाहून जास्त वाढ होते. आणि ती सरासरी. बशीच्या कडेला द्रव जिथे काचेवर चढतो, तिथलं शोषण मधल्यापेक्षा वेगळं असतं. मोजलंस तिथे?

पाव अंशाने काय होतं, असं म्हणू नकोस. 2000 साली ‘नेचर’मध्ये निबंध आला होता: सी. एलिगन्स या सूत्रकृमींत सूक्ष्मलहरींमुळे उष्माघात-प्रथिनं (पेशी तापल्यावर बचावासाठी बनवते ती) तयार होतात, तेही तापमान न वाढता. पुढे त्याच गटाने उपकरण पुन्हा तपासलं. लहरींखालचे नमुने 0.2 अंशापर्यंत गरम होत होते. नमुने लहरींखाली ठेवायची कमी तापणारी पेटी वापरली आणि परिणाम गेला. 2006 मध्ये त्यांनी निबंध मागे घेतला. त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे.

म्हणून आधी तापमान. धातूचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, आत घालू नकोस, तो लहरींचं क्षेत्र बिघडवतो आणि स्वतःही तापतो. ऑप्टिकल फायबरचा प्रोब माग. नियंत्रण बशी, म्हणजे तुलनेसाठीची लहरींविनाची, दुसऱ्या कपाटात नको. तशाच पेटीत, तोच पंखा चालू, फक्त लहरी बंद. आणि मोजणाऱ्याला कुठली बशी कोणती हे कळता कामा नये. तुलासुद्धा.

उष्णता निघाली तर काम वाया गेलं, हा विचार तर मनातून काढूनच टाक. ॲलन फ्रे या संशोधकांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं की रडारसारख्या स्पंदित लहरी माणसाला टकटक अशा ऐकू येतात. 1974 मध्ये फॉस्टर आणि फिंच यांनी पाण्यात तसाच ध्वनी टिपला, आणि 4 अंशांना, जिथे पाणी तापलं तरी प्रसरण पावत नाही, तो नाहीसा झाला. अंशाच्या लाखाव्या भागाहूनही कमी वाढ, पण इतक्या झटक्यात की दाबलहर उठते. उष्णताच ती! किती सुंदर शोध आहे.

माझ्याकडेही तुझ्यासारखा एक आलेख पडून आहे. प्रोब मिळेपर्यंत प्रकल्पाचे पैसे संपले. त्या पेशींत खरंच काय चाललं होतं, ते मला आजही ठाऊक नाही, आणि ही खंत जात नाही. तरी मी तो छापला नाही. मागे पडलो, हट्टी म्हणून नावं ठेवली गेली. ठेवू देत. द्रवाचं तापमान हाती नसताना मी काय लिहिणार होतो? आजही लिहिणार नाही.

तुझ्याकडे अजून वेळ आहे, नमुने आहेत, नजरही चांगली आहे; म्हणून तर चिडून लिहितोय. मसुद्याचं पुढचं रूप मला पाठवू नकोस. दोन्ही पेट्यांतल्या द्रवाचं मिनिटामिनिटाचं तापमान, मध्याचं आणि कडेचं, एकाच अक्षावर काढून पाठव. मग बोलू.