सौम्य की विरल? तीव्र की संहत?

दर्यापूर तालुक्यातल्या एका विज्ञान शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या शाळकरी वयात मास्तर 'सौम्य गंधकाम्ल' म्हणायचे, आता पुस्तकात 'विरल' येतं. मुलं दोन्ही शब्द एकच धरतात. 'तीव्र' आणि 'संहत' यांचंही तेच होतं. खरंच फरक आहे की उगाच जड शब्द वाढवलेत? शिवाय टायट्रेशनला (एका द्रावणाचं किती माप लागलं यावरून दुसऱ्यात पदार्थ किती ते काढण्याला) 'अनुमापन' का म्हणायचं, आणि द्राव्य-द्रावक मुलांच्या लक्षात कसं ठेवायचं?

ताई, फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. तो कळायला प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही, शेताच्या बांधावर उभं राहिलं तरी पुरे. 'विरल' म्हणजे आपला 'विरळ'च. ज्वारी दाट उगवली की आपण विरळणी करतो. उरलेल्या रोपांची जात तीच राहते, तेवढ्याच जागेत त्यांची संख्या फक्त कमी होते. आम्लात पाणी घातलं की नेमकं हेच घडतं. आम्ल तेच, लिटरमागे त्याचे कण कमी. 'संहत' याच्या उलट. सम् आणि हन् मिळून तो शब्द झाला, ठोकून-दाबून एकत्र आणलेलं असा त्याचा अर्थ. 'घन' आणि 'संघ' हे शब्दही याच हन् धातूचे. बोलीत सांगायचं तर 'दाट'. म्हणून विरल-संहत ही जोडी फक्त 'किती' एवढंच सांगते.

सौम्य आणि तीव्र हे मात्र स्वभावाचे शब्द आहेत. माणूस सौम्य असतो, विरल नसतो. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात गेलं की त्याचे जवळपास सगळे रेणू फुटून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात, म्हणून ते तीव्र. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल तसं नाही. त्याच्या ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल; मोल हे कण मोजायचं एकक) द्रावणात शंभर रेणूंमागे जेमतेम एखादाच फुटतो. ते सौम्य. पाणी कमी-जास्त केल्यानं फुटण्याचं हे प्रमाण थोडं बदलतं, पण आम्ल सौम्यचं तीव्र होत नाही.

वर्गात मी मिरचीचा दाखला देईन. झणझणीत भिवापुरी मिरची एकच, पण मोठ्या गंजभर (पातेलंभर) रश्शात पडली, तर ती 'विरल पण तीव्र'. कमी तिखट ब्याडगी मूठभर वाटून वाटीभर रश्शात घातली, तर 'संहत पण सौम्य'. दोन्ही जोड्या एकमेकींना छेद देतात, त्यामुळे 'तीव्र आम्लाचे विरल द्रावण' या शब्दप्रयोगात काहीच विसंगती नाही. आपल्या जठरातलं आम्ल असंच असतं. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे ग्लेशिअल, म्हणजे जवळपास पाणी नसलेलं, ॲसेटिक आम्ल. ते सौम्य आहे, पण इतकं संहत की कातडी भाजते. ते १६.६ अंश सेल्सिअसला गोठतं, त्यामुळे आपल्याकडच्या डिसेंबरातल्या सकाळी प्रयोगशाळेत त्याची बाटली बर्फासारखी थिजलेली सापडू शकते. तसं झालं तर मुलांना ती जरूर दाखवा.

बोलीत मात्र या दोन्ही गोष्टींना एकच शब्द आहे. "दवाई तेज झाली, पऱ्हाटी (कपाशी) जळली" असं कोणी म्हणतं तेव्हा औषध मुळातच जहाल होतं की पंपात जास्त पडलं, हे त्या 'तेज' मधून कळत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर मात्र दोन्ही वेगळं लिहिलेलं असतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा या रंगांचा त्रिकोण विष कसं आहे ते सांगतो. लाल सर्वांत घातक, हिरवा सर्वांत कमी. किती घ्यायचं ते मात्रेच्या मजकुरात असतं. पाणी वाढवलं की फवारा विरल होतो, त्रिकोणाचा रंग बदलत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणं अनेक होती, शब्दांवर ती ढकलता येणार नाहीत. तरीही आमच्या मुलांना 'कसं' आणि 'किती' वेगळं वाचता यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता अनुमापन. 'अनु' म्हणजे मागोमाग. ब्युरेटमधून, म्हणजे तोटी असलेल्या मापाच्या नळीतून, थेंबामागून थेंब सोडत मोजायचं, म्हणून शब्द मला पटतो. पण मूळ कल्पना त्याहून गोड आहे. टायट्रेशन हा शब्द फ्रेंच 'तित्र'वरून आला, आणि सोन्याचांदीत शुद्ध धातू किती, याला तिकडे 'तित्र' म्हणत. म्हणजे आपला 'कस'! सराफ कसोटीवर सोन्याचा कस पाहतो, तसा आपण द्रावणाचा कस पाहतो. परिभाषेत 'कस' आला नाही याची मला हळहळ वाटते, पण रूढ झालेला शब्द आता बदलू नये.

इथे एक गंमत वर्गात नक्की करून दाखवा. हायड्रोक्लोरिक आणि ॲसेटिक, दोन्ही आम्लांची ०.१ मोलर द्रावणं करा. प्रत्येकी १० मिली घेऊन फिनॉल्फ्थॅलीन हा दर्शक (रंग बदलून शेवट दाखवणारा पदार्थ) टाका आणि ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडनं अनुमापन करा. दोन्हींना साधारण १० मिलीच लागेल! सौम्य आम्लाला कमी लागेल असं मुलं हमखास सांगतील. पण आम्लारी (इथे सोडियम हायड्रॉक्साइड) खर्ची पडत जाते तसतसे ॲसेटिकचे न फुटलेले रेणूही फुटत जातात आणि शेवटी सगळ्यांचा हिशेब लागतो. अनुमापन 'किती' मोजतं, 'कसं' नाही. 'कसं' हे जाणून घ्यायचं तर सुरुवातीलाच दोन्हींचा सामू (pH; तो जितका कमी तितकं द्रावण आम्लधर्मी) पाहा. हायड्रोक्लोरिकचा सुमारे १ येईल, ॲसेटिकचा सुमारे २.९. सामू हा शब्द माती परीक्षणामुळे आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेच, तो मुलांनाही परका वाटणार नाही.

द्राव्य-द्रावकासाठी 'भक्ष्य-भक्षक' आठवायला सांगा. 'य' वाला विरघळतो, 'क' वाला विरघळवतो. तुम्ही खारपाणपट्ट्यातल्याच, म्हणजे खारं पाणी लागणाऱ्या भागातल्याच, आहात, तेव्हा गावच्या विहिरीचं बादलीभर पाणी वर्गात आणा. त्यातलं थोडं बशीत आटवा. तळाशी पांढरं उरेल ते द्राव्य, वाफ होऊन गेलं ते द्रावक.