बाबांची करंगळी सरळच होत नाही, ऑपरेशन करावं लागेल का?

प्रश्न: डॉक्टर, माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत, शुगर आहे. तीनेक वर्षांपूर्वी उजव्या तळहातावर करंगळीच्या खाली गाठ आली, दुखत नव्हती म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. आता तिथून दोरीसारखं काहीतरी वर गेलंय आणि करंगळी नि शेजारचं बोट आत वाकलंय. तोंड धुताना बोट डोळ्यात जातं. सगळे म्हणतात शीर आखडलीय, तेल लावून चोळा. काय करू?

उत्तर: चोळून हे सुटत नाही हो, आणि बोट जोर लावून ओढायला तर अजिबात जाऊ नका. ती शीर नाहीच. तळहाताच्या कातडीखाली एक चिवट पडदा असतो, तो जाड होऊन आखडतो आणि बोटाला आत ओढतो, याला ड्युप्युट्रेन कॉन्ट्रॅक्चर म्हणतात. शुगरवाल्यांमध्ये जास्त दिसतं, कधी घराण्यातही असतं. ट्रिगर फिंगर वेगळं, त्यात बोट अडकतं आणि खट्कन सुटतं.

बाबांना तळहात टेबलावर पालथा ठेवायला सांगा. सपाट टेकला तर नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं, टेकला नाही तर हँड सर्जनला दाखवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तरी दाखवायची वेळ आलीय असं वाटतं. तळहाताजवळचा सांधा वाकला असेल तर तो बहुतेक वेळा छान सरळ होतो, पण बोटाचा मधला सांधा फार दिवस वाकलेला राहिला की ताठरतो, मग ऑपरेशन करूनही पूर्ण सुटेलच असं नाही, म्हणून मी उशीर करू नका म्हणते.

ऑपरेशन हा एकच उपाय नाही. तेवढ्याच जागी भूल देऊन सुईच्या टोकाने ती दोरी तोडता येते, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी, पण काही वर्षांत परत वाकण्याची शक्यता जास्त. ऑपरेशनमध्ये जाड झालेला पडदाच काढतात, ते जास्त टिकतं, मात्र जखम भरायला काही आठवडे जातात, व्यायाम करावा लागतो, आणि बोटाच्या बारीक नसांना इजा व्हायचा थोडा धोका असतो. दोरी विरघळवणारं कोलॅजिनेजचं इंजेक्शन अमेरिकेत २०१० पासून आहे, युरोपातून मात्र कंपनीने ते २०२० मध्ये काढून घेतलं.

जाताना शुगरचे ताजे रिपोर्ट न्या. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा, आपल्या मनाने बंद करू नका.