पथकात पहिल्यांदा येताय? हे वाचा

नववी-दहावीतली बरीच पोरं विचारतायत की दादा ढोल पथकात यायचंय, काय करू. या की! पुण्यात शाळेतल्या मुलांचं ढोल-ताशा पथक सुरू केलं ते ज्ञान प्रबोधिनी शाळेच्या आप्पा पेंडशांनी, त्यामुळे ही जागा तुमचीच आहे.

पण रील बघून आलात तर आठवड्यात कंटाळाल. गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सराव सुरू होतो, आणि पहिले काही दिवस तर ढोल कमरेला बांधतच नाहीत, खाली ठेवून नुसता पहिला हात, म्हणजे ठोक्यांचा सगळ्यात पहिला प्रकार, वाजवायचा. एका हातात टिपरू म्हणजे ढोल वाजवायची काठी, दुसऱ्या हाताने थापी म्हणजे तळव्याचा ठोका. इथे सगळे जण टिपरूच्याच मागे लागतात आणि थापी मार खाते, म्हणून घरी मांडीवर थापीचाच सराव करा, मनगट सैल ठेवून, खांद्यातून जोर लावायचा नाही. आणि कान कायम ताशाकडे, कारण लय तोच देतो, शेजारच्याचा हात बघून वाजवलं की अर्धा ठोका मागे पडणारच.

बोटं सोलतात, आधीच चिकटपट्टी लावून या. कानात इअरप्लग घालाच, यात लाजायचं काही नाही, आवाज खरंच प्रचंड असतो. ढोल जड वाटला तर ध्वज किंवा झांज घ्या, ध्वज नाचवणं मला तर जास्त अवघड वाटतं.

क्लास आणि सहामाहीचं वेळापत्रक आधीच पथकप्रमुखांना सांगा, ते सांभाळून घेतात. घरच्यांना एकदा सरावाला घेऊन या, परवानगीचं काम तिथेच होतं.