क्रमवारीतले पहिले दहा खेळ विकत घेऊ नकोस

प्रश्न : मी कोल्हापुरात बीएस्सी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बोर्ड गेमचं मराठी यूट्यूब चॅनल सुरू करायचंय. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून बोर्डगेमगीक या संकेतस्थळावरच्या क्रमवारीतले पहिले दहा खेळ घ्यावेत का? बाबा म्हणतात, आधी पदवी पूर्ण कर.

उत्तर : आकडे पाहून ठरवावंसं तुला वाटलं, याचा मला आनंद झाला. पण ही क्रमवारी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देत नाही. तिथे गुण देणारे बहुतेक या छंदात आधीच मुरलेले लोक. वर्गात शिकलेला सॅम्पलिंग बायस, म्हणजे नमुन्याचा एकांगीपणा, तो हाच. त्यांना अवघड खेळ जास्त आवडतात, म्हणून यादीच्या वरच्या टोकाला तेच दाटी करतात.

२०२३ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलेला 'ब्रास : बर्मिंगहॅम' बघ. औद्योगिक क्रांतीतलं इंग्लंड, कालवे, रेल्वे, डाव दोन तासांचा. त्याच संकेतस्थळावर काठिण्याचा १ ते ५ असा आकडा असतो. याचा जवळपास ४. जर्मनीचा 'श्पील देस यारेस' (वर्षाचा खेळ) पुरस्कार २०१८ मध्ये मिळवणारा 'अझूल' मात्र २ च्याही खाली. रंगीत फरशा, पाऊण तासाचा डाव. ल्युडो आणि व्यापारच्या पुढे न गेलेल्या प्रेक्षकाला तू आधी काय दाखवशील?

म्हणून आधी तक्ता कर. पंचवीसेक खेळ घे. प्रत्येकापुढे काठिण्य, डावाचा वेळ, गुण देणाऱ्यांची संख्या, भारतात मिळणारी किंमत लिही. मग यूट्यूबवर त्याचे मराठी-हिंदी व्हिडिओ किती आहेत ते मोज, आणि हजाराहून कमी सदस्य असलेल्या चॅनलवरच्या व्हिडिओंच्या व्ह्यूजचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढ. सरासरी नको, एखादा व्हायरल व्हिडिओ सगळं चित्र बिघडवतो. हा रकाना सगळ्यांत किचकट, पण खरा उपयोगाचा तोच. तुझी स्पर्धा मोठ्या चॅनलशी नाही. गूगल ट्रेंड्समध्ये यूट्यूब सर्चचा पर्याय निवडून खेळांची तुलनाही करता येते. मात्र ते ० ते १०० आकडे सापेक्ष असतात, शोधांची संख्या नव्हे.

आणि या तक्त्यात चल्लस आठ जवळपास दिसणारच नाही. पंचवीस घरांचा पट, कवड्या किंवा फोडलेले चिंचोके, खर्च शून्य. डेटात नाही म्हणून मागणी नाही, असं समजू नकोस. त्याचा एक व्हिडिओ नक्की कर.

खरेदी तीनच खेळांची. बाकीचे मित्रांकडून आण, नाहीतर बोर्ड गेम अरीना या संकेतस्थळावर ऑनलाइन खेळून पाहा. व्हिडिओ टाकल्यावर यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कोणत्या मिनिटाला सोडून जातात ते बघ. नियम सांगताना सगळे निघून जात असतील, तर दोष खेळाचा नाही, मांडणीचा. दहा व्हिडिओंवरून निष्कर्ष काढायची मात्र घाई करू नकोस. नमुना फार लहान आहे.

बाबांचं म्हणणं मला पटतं. जाहिरातींतला वाटा मिळायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं (शॉर्ट्सचा निकष वेगळा), आणि त्यानंतरही घर चालेल असं नाही. म्हणून पदवी होईपर्यंत कमाई शून्य धरून चाल, आठवड्याला ठरावीक तास दे. पण हा तक्ता, त्यामागचा कोड आणि तुझे चुकलेले अंदाज नीट जपून ठेव. डेटा अ‍ॅनालिस्टच्या मुलाखतीत स्वतः गोळा केलेल्या डेटावरचं काम दाखवता येणं मोठी गोष्ट आहे. बाबांना तक्ता दाखव, त्यांच्याशी अझूलचा एक डावही खेळ. नियम समजावताना ते कुठे अडले, ते लिहून ठेव.