सिडनीत घराजवळच्या बुशलँड रिझर्व्हमध्ये नेचर वॉकला आणि झाडं लावायला मुलांना घेऊन जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेस्टमीडला नव्याने राहायला आलात, मुलं 6 आणि 10 वर्षांची आहेत. लेक पॅरामॅटाच्या परिसरात निसर्गफेऱ्या आणि झाडं लावण्याचे कार्यक्रम होतात असं ऐकलंत. झाडांतलं काही कळत नसताना जावं का? आणि चौकशी केल्यावर ‘आधी तण काढायला या’ असं उत्तर का मिळालं?

जरूर जा. फक्त क्रम असा ठेवा: आधी फेरी, मग तण, आणि झाडं लावणं सगळ्यात शेवटी. आपण महाराष्ट्रातून येतो तेव्हा ‘निसर्गासाठी काहीतरी करायचं’ म्हणजे खड्डा खणून रोप लावायचं, हेच डोक्यात असतं. जुलैतल्या वनमहोत्सवात शाळेने आपल्याकडून तेच करून घेतलेलं असतं. इथल्या बुशमध्ये, म्हणजे मूळच्या रानात, मात्र रोप लावणं हा शेवटचा उपाय मानतात आणि त्यामागचं कारण मला फार पटलेलं आहे.

फेरीला जाताना काहीही माहीत असण्याची गरज नाही. सुरुवातीला या जमिनीच्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे दारुग लोकांचा, आदराने उल्लेख होतो. पॅरामॅटा हे नावही त्यांच्यातल्या बरामॅटागल कुळावरून आलेलं आहे. तलावाचं धरण 1856 साली पूर्ण झालं. ते ऑस्ट्रेलियातलं पहिलं कमानी धरण. पुढे वाळूच्या खडकांतून वाट जाते आणि तिथे तुम्हाला ओळखीचे चेहरे भेटतील. शी-ओक म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरच्या सुरूचे भाऊबंद, सुयांसारख्या फांद्यांतून वारा गेला की तोच आवाज. आपल्याकडची नीलगिरी, सिल्व्हर ओक, बागेतला बॉटलब्रश, ही सगळी मूळची या देशातली. आपल्याकडे ती परकी म्हणून उभी असतात, इथे त्यांच्यावर जगणारे पक्षी, कीटक, पोसम (झाडांवर राहणारे इथले पिशवीवाले प्राणी) सगळे सोबत दिसतात. मुलांना हे दाखवा. एकच झाड दोन देशांत किती वेगळं वागतं, हे 10 वर्षांच्या मुलाला नीट कळतं.

उलटही दिसेल. ‘इंडियन मायना’ म्हणून ज्या पक्ष्याला इथले लोक नाकं मुरडतात, ती आपली साळुंकी. 1862 मध्ये पिकांवरचे किडे खाईल म्हणून तिला मेलबर्नला आणलं. ती झाडांच्या ढोल्या बळकावते आणि इथल्या पोपटांना घरटं करायला जागा उरत नाही. नीलगिरीच्या खोडात चांगली ढोली तयार व्हायला शंभरेक वर्षं लागतात, त्यामुळे ही जागा नवीन रोपं लावून लगेच भरून निघत नाही. जुनी झाडं सांभाळणं हाच त्यावर इलाज.

आता तणाबद्दल. इथली सगळ्यात त्रासदायक झुडपं आपल्याला अनोळखी नाहीत. लॅन्टाना म्हणजे आपली घाणेरी, सह्याद्रीच्या रानात माजलेली तीच. कॅम्फर लॉरेल म्हणजे कापराचं झाड. खडकांतून पसरणारा अ‍ॅस्परॅगस हा शतावरीच्या कुळातला. प्रिव्हेट कुंपणासाठी आणलेलं. यातल्या बहुतेकांची फळं पक्षी खातात आणि बिया बुशमध्ये टाकतात. भर म्हणून लोक मागच्या कुंपणावरून बागेतला कचरा पलीकडे ढकलतात, त्यातूनही हीच मंडळी आत शिरतात.

हे तण कसं काढायचं याची पद्धत सिडनीतच जन्माला आली आणि ती दोन बहिणींनी घडवली: आयलीन आणि जोन ब्रॅडली. 1960 च्या दशकात सिडनीच्या मॉसमन उपनगरात घराजवळच्या बुशमधून त्या रोज फिरायला जात. सरसकट झाडझुडूप कापून साफ केलेल्या जागी थोड्याच दिवसांत आधीपेक्षा जास्त तण उगवतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी उलट सुरुवात केली. जिथे बुश सगळ्यात निरोगी आहे तिथून आरंभ करायचा आणि हळूहळू बिघडलेल्या भागाकडे सरकायचं. जमीन कमीत कमी उकरायची, बाजूला केलेला पालापाचोळा परत जागच्या जागी पसरायचा. आणि इथली मूळ रोपं जेवढ्या वेगाने मोकळी झालेली जागा भरतील, तेवढ्याच वेगाने पुढचं तण काढायचं. 1970 च्या दशकात न्यू साउथ वेल्सच्या नॅशनल ट्रस्टने, म्हणजे वारसा जपणाऱ्या संस्थेने, हे तंत्र स्वीकारलं आणि आज काउन्सिलांच्या (म्हणजे इथल्या नगरपालिकांच्या) बुशकेअर गटांत, बुश सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना, जे शिकवतात त्याचा पाया तोच आहे.

हे जमतं कारण मातीत बी आधीच असतं. वॉटलच्या, म्हणजे इथल्या बाभूळवर्गीय झाडांच्या, टणक बिया जमिनीत कित्येक वर्षं, दशकंसुद्धा, तग धरून राहतात. वणव्याच्या उष्णतेने कवच तडकलं, वर उजेड मिळाला की उगवतात. घाणेरी हटवल्यावर काही महिन्यांनी त्याच जागी कुणीही न लावलेली वॉटल, गवतं, नेचे वर आलेले बघणं, यासारखा आनंद मला या कामात दुसरा नाही. म्हणूनच चांगल्या बुशमध्ये नर्सरीची रोपं आणून लावत नाहीत. खड्डे खणले की माती उलथते, तणाच्या बिया वर येतात, आणि मुळं कुजवणारी फायटॉफ्थोरासारखी बुरशी कुंडीच्या मातीतून आत येऊ शकते. फेरीच्या सुरुवातीला बुटांच्या तळव्यांवर स्पिरिट मारायला सांगतील, तेही याच बुरशीमुळे. मुलांना कंटाळा आला तरी ते नीट करून घ्या.

आणखी एक गोष्ट समजून जा, नाहीतर तुम्हाला वाटेल की हे लोक काम अर्धवट सोडतात. घाणेरीची जाळी एका दिवसात साफ करत नाहीत. फेअरी-रेनसारखे निळे इवलेसे पक्षी त्या काट्यांत लपून राहतात. आसरा एकदम गेला की नॉइझी मायनर नावाचे भांडकुदळ पक्षी (हे इथलेच, साळुंकीशी नातं नाही) त्यांना हुसकून लावतात. म्हणून थोडी जाळी काढायची, तिथे मूळची झुडपं दाट होऊ द्यायची, मग पुढची.

लागवड होते ती जिथे मातीत काही उरलेलंच नाही अशा जागी: जुनी कुरणं, ओढ्यांचे उघडे काठ, रस्त्याकडच्या कडा. तुमच्या पश्चिमेला पसरलेलं कंबरलँड प्लेन वुडलँड, म्हणजे सपाटीवरचं विरळ झाडांचं गवताळ रान, आज मूळच्या 10 टक्क्यांहून कमी शिल्लक आहे, त्यामुळे त्या बाजूला लागवडीची खरी गरज आहे. तिथे ग्रे बॉक्स, फॉरेस्ट रेड गम अशी झाडं लावतात आणि त्यांच्याबरोबर बर्सारियाची काटेरी झुडपं आणि कांगारू गवतही. फक्त उंच झाडं लावून वुडलँड होत नाही. बी शक्यतो त्याच परिसरातून गोळा केलेलं असतं. 1996 पासून जुलैच्या शेवटच्या रविवारी नॅशनल ट्री डे असतो. मुलांच्या पहिल्या लागवडीसाठी तो दिवस सोयीचा. आपल्याकडे जुलैत पावसामुळे झाडं लावतात, इथे थंडीमुळे. उन्हाच्या तडाख्याआधी मुळांना धरायला वेळ मिळतो.

रोपं बोटभर ट्यूबमधली असतात. बादलीत बुडवून ओली करायची, हलकेच बाहेर काढायची, मुळाचा गोळा मातीच्या किंचित खाली बसवायचा, हाताने दाबायचं, भोवती आळं करून पाणी द्यायचं आणि वाळवी-वॉलबी (छोटा कांगारू)-वाऱ्यापैकी निदान शेवटच्या दोघांपासून वाचवायला खुंट्या ठोकून संरक्षक आवरण लावायचं. 6 वर्षांचं मूल यातलं दाबणं आणि पाणी घालणं मन लावून करतं. तण कापून खोडावर तणनाशक लावायचं काम शिकवलेल्या माणसांचं, मुलांना तिथे जवळ जाऊ देऊ नका.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पायघोळ पँट, बंद बूट, टोपी. हातमोजे आणि अवजारं गट देतो. लाकूड किंवा दगड उचलायच्या आधी बघा, साप आणि विषारी फनेल-वेब कोळी दोन्ही इथे खरोखर असतात, पण गटप्रमुख तुम्हाला कुठे हात घालायचा नाही ते सांगतो. घरी आल्यावर मुलांच्या कानामागे, केसांत, मानेवर गोचीड बघा. सापडली तर बोटांनी चिमटून ओढू नका. मधल्या सुट्टीत चहा-बिस्किटं असतात. आपले लोक सोबत चिवड्याचा डबा आणतात आणि तो सगळ्यात आधी संपतो.

आई-वडिलांच्या आठवणीत एखादं झाड लावावं असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं, मलाही वाटतं. पण रिझर्व्हमध्ये घरून रोप आणून लावू नका, कडुलिंब-औदुंबर तर नाहीच. त्याऐवजी काउन्सिलच्या नर्सरीत तुमच्या भागातली मूळ झाडं विचारा आणि अंगणात एक लावा. त्याआधी अंगणात प्रिव्हेट किंवा कापराचं रोपटं उगवलंय का ते बघा आणि लहान असतानाच उपटा.

काउन्सिलच्या बुशकेअर विभागाकडे नाव नोंदवा; पैसे लागत नाहीत आणि काम करताना विम्याचं संरक्षण असतं. मुलांना आणायचंय हे आधीच सांगा, काही जागा चढ-उताराच्या असतात. आणि लागवडीला गेलात तर त्याच वेळी विचारून ठेवा की उन्हाळ्यात रोपांना पाणी घालायला कधी जमतात. लावायला गर्दी होते, पाण्याच्या दिवशी माणसं कमी पडतात.